अंगणवाडी की ज्युनियर केजी? ‘कामगिरी’ मोजण्याआधी विचारायचा प्रश्न



पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, विषय कसा वाटतो सांगा, असे मेसेज येतात त्यात एक शीर्षक हमखास असतं. ‘अमुक शहरातील अंगणवाडी व खाजगी बालवाडीतील मुलांच्या शैक्षणिक कामगिरीचा तुलनात्मक अभ्यास.’ शहर बदलतं, बाकी शब्द तेच. विषय वाईट मुळीच नाही, उलट फार महत्त्वाचा आहे. लाख-दीड लाख वस्तीच्या शहरात तीन वर्षांच्या मुलाला कुठे घालायचं हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. गल्लीतली अंगणवाडी आहे, काही ठिकाणी नगरपरिषदेची बालवाडी आहे, एखाद्या मराठी शाळेला जोडलेला शिशुवर्ग आहे, आणि बंगल्याच्या तळमजल्यावर भिंतीला मिकी माऊस रंगवलेली नर्सरी आहे. पहिल्या पर्यायाला पैसे लागत नाहीत. शेवटच्याला कधीकधी घरातल्या एका माणसाचा महिन्याचा पगार वर्षाला जातो. त्यामुळे ‘कोणती चांगली’ याचं उत्तर तुम्ही देणार असाल तर ते नीट द्यायला हवं. तुमचा निष्कर्ष कुणी वाचत नाही असं समजू नका. ‘अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, सर्व्हेत आलंय’ हे वाक्य पालकांच्या आणि नगरसेवकांच्या तोंडी अशाच अभ्यासांतून जातं.

मी एम.एस्सी. सांख्यिकीत केलं आणि आता पीएच.डी. करतेय, म्हणून या लेखात मी शिक्षणशास्त्रापेक्षा मोजमापाकडे जास्त बघणार आहे. आज एकच मुद्दा घेऊ, पण खोलात जाऊन.

नेहमीचा आराखडा असा असतो. अंगणवाडीतली पन्नास मुलं, खाजगी बालवाडीतली पन्नास मुलं. वय पाच. वीस गुणांची चाचणी: रंग, आकार, एक ते वीस अंक, थोडी अक्षरओळख. सरासरी काढायची, टी-टेस्ट लावायची, पी ०.०५ च्या खाली आला की ‘लक्षणीय फरक आढळला’. आणि तो आढळतोच. खाजगीची मुलं पुढे असतात. प्रबंध पूर्ण.

आता समजा (हे आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त समजण्यासाठी), अंगणवाडीतल्या मुलांची सरासरी १२ आली आणि खाजगीतल्यांची १६. फरक चारचा. हा फरक शाळेने केला का? तीच मुलं तीन वर्षांची असताना चाचणी घेतली असती तर? समजा तेव्हा अंगणवाडीतली मुलं ४ वर होती आणि खाजगीतली १० वर. का? कारण दुसऱ्या घरात आई नर्स आहे, आजोबा पेपर वाचून दाखवतात, चित्रांची पुस्तकं आहेत. पहिल्या घरात आईवडील दोघंही सकाळी सातला कामावर जातात. म्हणजे अंगणवाडीची मुलं आठने वाढली, खाजगीची सहाने. चित्र उलटलं की नाही?

पण थांबा, इथेही घाई करू नका. मुलं काही शाळेमुळेच मोठी होत नाहीत. घरी बसलेलं मूलही तीन ते पाच या वयात बरंच शिकतं. अंगणवाडीतलं मूल घरीच राहिलं असतं तर ४ वरून ७ वर गेलं असतं असं धरा. मग अंगणवाडीचा वाटा पाचचा. खाजगीतलं मूल घरी राहिलं असतं तर, त्या घरात, १० वरून १५ वर गेलं असतं. खाजगी नर्सरीचा वाटा एकचा. त्याच मुलांच्या त्याच चाचणीचे तेच १२ आणि १६, पण कामगिरी पाच विरुद्ध एक.

हे आकडे खरे आहेत असं मी म्हणत नाही. खरे आकडे याच्या बरोबर उलटही असू शकतात. सांगायचंय ते एवढंच की १२ आणि १६ मधून हे कळू शकत नाही. बालवाडीची कामगिरी म्हणजे तिथल्या मुलांचे गुण नव्हेत. तेच मूल तिथे गेलं नसतं तर कुठे असतं, आणि आता कुठे आहे, यातलं अंतर म्हणजे कामगिरी. अडचण अशी की एकच मूल एकाच वेळी गेलेलं आणि न गेलेलं असू शकत नाही. अंतराचं एक टोक कायम अदृश्य असतं. चांगला अभ्यास म्हणजे हे अदृश्य टोक प्रामाणिकपणे उभं करण्याची युक्ती. टी-टेस्ट त्यात काही मदत करत नाही. पी कितीही लहान आला तरी तो फक्त ‘फरक योगायोगाचा नसावा’ एवढंच म्हणतो. फरक कशाने पडला हे तो सांगत नाही.

एका लहान शहराची गोष्ट

ही युक्ती पूर्व-प्राथमिक शिक्षणात सगळ्यात आधी नीट वापरली गेली त्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी या शहरात झाला. डेट्रॉइटच्या पश्चिमेचं हे शहर, तेव्हाची वस्ती वीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. तिथल्या सरकारी शाळांच्या विशेष सेवा विभागाचे प्रमुख डेव्हिड वायकार्ट यांना दिसत होतं की गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं शाळेत सतत मागे पडतायत, नापास होतायत. शाळेत आल्यावर सुधारणा करण्यापेक्षा आधीच काही करता येईल का, या विचाराने १९६२ साली पेरी प्राथमिक शाळेत तीन-चार वर्षांच्या मुलांचा वर्ग सुरू झाला. पेरी प्रीस्कूल प्रकल्प या नावाने तुम्हाला तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटेल.

सगळ्या मुलांना घेण्याएवढी जागा नव्हती. इथेच महत्त्वाची गोष्ट घडली. ‘जे आधी येतील ते’ किंवा ‘ज्यांचे पालक उत्साही ते’ असं न करता गट पाडण्यासाठी चिठ्ठीचा मार्ग घेतला. मुलांची बुद्ध्यंकानुसार यादी केली, ती दोन गटांत वाटली, मुलगे-मुली आणि घरची परिस्थिती दोन्हीकडे सारखी येईल असं पाहिलं आणि मग कोणता गट वर्गात जाणार हे नाणं उडवून ठरवलं. एकूण १२३ मुलं. ५८ वर्गात, ६५ बाहेर. बाहेरची ६५ मुलं हेच ते अदृश्य टोक. ती मुलं ‘वेगळ्या प्रकारच्या घरातली’ नव्हती, फक्त नाणं दुसऱ्या बाजूने पडलं होतं.

वर्ग आठवड्यातून पाच दिवस, सकाळी अडीच तास. वीस-पंचवीस मुलांना चार प्रशिक्षित शिक्षिका. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन दीडेक तास आई आणि मुलासोबत बसायची. बहुतेक मुलांना हे दोन वर्षं मिळालं.

आता निकाल बघा, आणि क्रम नीट लक्षात ठेवा. सुरुवातीला दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यंक ७९ च्या आसपास. एका वर्षात वर्गातल्या मुलांचा ९५ च्या घरात गेला, बाहेरच्यांचा ८३ पर्यंत. लोक खूश. मग ही मुलं नेहमीच्या शाळेत गेली. दरवर्षी अंतर थोडं थोडं कमी होत गेलं आणि आठ वर्षांची होईपर्यंत दोन्ही गट जवळपास एका जागी आले. याला ‘फेडआउट’ म्हणतात, मी याला ‘विरणं’ म्हणते. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या हेड स्टार्ट या सरकारी बालवाडी योजनेवरचा वेस्टिंगहाउस अहवाल आला. त्याचाही सूर हाच: फायदा टिकत नाही.

इप्सिलँटीचा अभ्यास तिथेच थांबला असता तर ‘बालवाडीचा उपयोग नाही’ असं त्याचं एका ओळीतलं सार राहिलं असतं. तो थांबला नाही. चौदाव्या वर्षी, एकोणिसाव्या, सत्ताविसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी याच माणसांना पुन्हा शोधून काढलं गेलं. चाळिशीतले आकडे असे: नियमित शिक्षणाने हायस्कूल पूर्ण केलेले वर्गातल्यांपैकी ६५ टक्के, बाहेरच्यांपैकी ४५ टक्के. वर्षाला वीस हजार डॉलर किंवा जास्त कमावणारे ६० विरुद्ध ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले ३६ विरुद्ध ५५. बुद्ध्यंकाचं अंतर कधीच विरलं होतं, आयुष्यातलं अंतर दिसत होतं.

मग मधल्या काळात काय टिकून राहिलं होतं? जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की बुद्ध्यंकाच्या चाचणीत न पकडलं जाणारं काहीतरी, म्हणजे वागणूक, संयम, काम पुरं करण्याची सवय. त्यांनीच २०१० च्या सुमारास या प्रकल्पाचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. तो आकडा आता प्रत्येक भाषणात फेकला जातो. तुम्ही मात्र तो सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात टाकण्याआधी थोडं थांबा.

कारण मुलं १२३ च. सगळी एका शहरातल्या एका वस्तीतली, सगळी गरीब, सगळी कमी बुद्ध्यंकाची म्हणून निवडलेली. सहा मुलांमागे एक शिक्षिका, वर घरभेटी. आपल्याकडे तर सोडाच, अमेरिकेतही सरकारी बालवाडीत हे क्वचित मिळतं. शिवाय नाणं उडवल्यानंतर थोडी हलवाहलवही झाली होती: ज्या आया नोकरी करत होत्या आणि घरभेटीला सापडत नव्हत्या, त्यांची काही मुलं वर्गातून काढून दुसऱ्या गटात टाकली गेली. हेकमन यांच्या गटाला हे सगळं हिशेबात धरून पुन्हा गणित करावं लागलं. परिणाम टिकले, पण ‘रँडम’ हा शब्द वाचला की प्रत्यक्षात यादी कशी बनली हे शोधायची सवय लावून घ्या. पेपरचा तो कंटाळवाणा भाग सगळ्यात कामाचा असतो.

कशाच्या तुलनेत?

इप्सिलँटीत आणखी एक गोष्ट होती जी आज सहज निसटते. १९६२ साली त्या वस्तीत बाहेर राहिलेली मुलं खरोखर घरीच होती. दुसरा वर्गच नव्हता. म्हणून तुलना स्वच्छ: वर्ग विरुद्ध घर.

चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, हेड स्टार्टचा मोठा अभ्यास सुरू झाला. जवळपास पाच हजार मुलं, चिठ्ठी टाकून निवड, सगळं शास्त्रशुद्ध. परिणाम माफक आले आणि तेही पहिली-दुसरीपर्यंत विरले. पण ज्यांना चिठ्ठीत जागा मिळाली नाही त्यांच्यातली जवळजवळ एक-तृतीयांश मुलं दुसऱ्या कुठल्यातरी बालवाडीत गेली होती! म्हणजे ‘हेड स्टार्ट विरुद्ध घर’ असं आपण समजत होतो, प्रत्यक्षात ते ‘हेड स्टार्ट विरुद्ध घर आणि इतर बालवाड्यांची मिसळ’ होतं. पॅट्रिक क्लाइन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी २०१६ च्या पेपरमध्ये हे वेगळं करून दाखवलं. नाहीतर घरीच राहिली असती अशा मुलांना फायदा चांगला होता. नाहीतर दुसऱ्या बालवाडीत गेली असती त्यांना फारसा नव्हता. साहजिकच आहे, पण सरासरीत ते दडलं होतं. त्यांनी आणखी एक मुद्दा काढला. दुसऱ्या बालवाड्यांतली बरीच सरकारच्याच पैशावर चालत होती. मूल तिकडून इकडे आलं तर तिकडचा खर्च वाचतो. तो धरला की योजना दिसते त्यापेक्षा बरीच स्वस्त पडते.

आता हे आपल्या शहरात आणा. तुमच्या वॉर्डातली अंगणवाडी उद्या बंद झाली तर तिथली मुलं कुठे जातील? काही खाजगी नर्सरीत, काही मोठ्या बहिणीच्या कडेवर, काही आईसोबत बांधकामावर. या तीन मुलांसाठी अंगणवाडीची ‘कामगिरी’ वेगवेगळी आहे. तुमच्या प्रश्नावलीत ‘ही सोय नसती तर मूल कुठे असतं?’ हा एक प्रश्न घाला. पालक याचं उत्तर सहज देतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नावलीत याच्याइतका मोलाचा प्रश्न दुसरा नाही.

एवढं झाल्यावर दोन नवे अभ्यास झटकन सांगते, कारण व्हायवात हमखास विचारतात. टेनेसी राज्याच्या सरकारी प्री-के वर्गांत जागांपेक्षा अर्ज जास्त होते, तिथे चिठ्ठी टाकली गेली, सुमारे तीन हजार मुलं. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल आले: वर्गात गेलेली मुलं परीक्षेत मागे आणि शिस्तीच्या तक्रारी जास्त. होय, मागे. बॉस्टन शहराच्या सरकारी प्रीस्कूलमध्ये १९९७ ते २००३ या काळात अशीच लॉटरी होती. तिथे शाळेतल्या परीक्षांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, पण वेळेत कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे आठ टक्क्यांच्या गुणांनी वाढलं. दोन्ही अभ्यास चांगले आहेत. ‘प्रीस्कूल चांगलं की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर असतं तर असं झालं नसतं. कोणतं प्रीस्कूल, कुणासाठी, कशाऐवजी आणि कितव्या वर्षी मोजलं, हे सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

आपल्याकडे

अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडकांच्या कामातून आला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. वाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. संशोधकाच्या नजरेने बघितलं तर त्यांनी आपल्या वरच्या प्रश्नालाच हात घातला होता: जी मुलं आलीच नाहीत त्यांचं काय?

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण त्या योजनेत पूर्व-प्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी एक. बाकी पाच म्हणजे पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य-पोषण शिक्षण. एक सेविका, एक मदतनीस, आणि आता मोबाइलवर पोषण ट्रॅकरही भरायचा. शिकवायला किती वेळ उरतो, हाच खरा प्रश्न.

हाच प्रश्न तामिळनाडूत थेट विचारला गेला. अलेहान्द्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या ठिकाणी फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जास्तीची कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांचं गणित ०.२९ आणि भाषा ०.४६ प्रमाण विचलनांनी पुढे. आणि गंमत बघा, कुपोषणही घटलं, कारण मूळ सेविकेला पोषणाच्या कामासाठी वेळ मोकळा झाला. हा अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी ‘अंगणवाडी चांगली की खाजगी’ असं विचारलंच नाही. ‘आहे त्या अंगणवाडीत एक हात वाढवला तर काय होतं’ असं विचारलं. याचं उत्तर मिळू शकतं, आणि मिळालेलं उत्तर कुणीतरी वापरू शकतं.

दुसरा वाचाच असा अभ्यास असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाचा. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या हजारो मुलांना चार ते आठ वर्षांपर्यंत फॉलो केलं. कागदावर मूल तीन ते सहा बालवाडीत आणि मग पहिलीत जातं. प्रत्यक्षात मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी अंगणवाडीतून खाजगीत, खाजगीतून सरकारी पहिलीत, तिथून पुन्हा मागे अशी उड्या मारत होती. आता नेहमीच्या आराखड्याकडे परत बघा. पाच वर्षांचं मूल अंगणवाडीत सापडलं म्हणजे ते अजून तिथून निघालं नाही. ज्यांना परवडलं ती चौथ्या वर्षीच ज्युनियर केजीत गेली, आणि त्यांना अंगणवाडीने जे दिलं ते तुमच्या तक्त्यात खाजगीच्या खात्यावर जमा झालं.

मग पैसे नसताना काय करायचं?

फेलोशिप असो-नसो, ३२० अंगणवाड्यांचा प्रयोग आपल्याला परवडत नाही. पण बरंच काही परवडतं.

सगळ्यात आधी, लॉटरी शोधा. महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन सोडत निघते, आणि ज्या शाळांचा प्रवेशवर्ग नर्सरी किंवा केजी आहे तिथे ती त्या वर्गासाठी असते. जागा मिळालेली आणि न मिळालेली मुलं एकाच प्रकारच्या घरांतली. दोघांच्याही पालकांनी अर्ज भरला, दाखले गोळा केले. सोडत न्यायासाठी काढली जाते, पण संशोधकाला तिच्यात इप्सिलँटीचं नाणं दिसायला हवं. फक्त ज्यांनी एकाच शाळेला अर्ज केला आणि ज्यांनी अनेक शाळांना केला त्यांना एकत्र कालवू नका. जागा मिळण्याची शक्यता दोघांची सारखी नसते. आणि नंबर लागूनही प्रवेश न घेतलेल्यांना ‘मिळालेल्या’ गटातच ठेवा. नाहीतर निवड पुन्हा मागच्या दाराने आत येते.

सोडत नसेल तर मुलं तीन-साडेतीनची असताना एकदा आणि वर्षाने पुन्हा मोजा. मधे जे मूल शाळा बदलेल त्याला यादीतून काढू नका, नव्या ठिकाणी जाऊन शोधा. कंटाळवाणं आहे, उन्हातान्हात फिरावं लागतं, पण नेमकी हीच मुलं तुमचा निष्कर्ष ठरवतात.

नमुन्याच्या संख्येबद्दल एक गणित सांगते, कारण आरआरसीतही बरेचदा कुणी विचारत नाही. ‘माझी १०० मुलं आहेत’ असं तुम्ही म्हणता, पण ती चार अंगणवाड्यांतली प्रत्येकी २५. एकाच सेविकेकडची मुलं एकमेकांसारखी असतात. या सारखेपणाचं माप, ज्याला इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात, समजा ०.१५ आहे. मग सूत्र १ + (२५ − १) × ०.१५, म्हणजे ४.६. शंभराला ४.६ ने भागा: तुमच्याकडे साधारण २२ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती आहे. चार अंगणवाड्यांत पंचवीस-पंचवीस घेण्यापेक्षा वीस अंगणवाड्यांत पाच-पाच घेतलीत, तर तीच शंभर मुलं ६२ च्या तोडीची होतात. बसभाडं वाढेल, पण फायदा केवढा बघा.

आता चाचणी. तीन वर्षांच्या मुलासमोर अनोळखी ताई फाइल घेऊन बसली की मूल गप्प होतं. गप्प म्हणजे शून्य नव्हे. पहिले दोन दिवस नुसतं खेळायला जा, तिसऱ्या दिवशी चाचणी. खाजगीतल्या मुलांना अनोळखी माणसाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सवय लावलेली असते, त्यामुळे हा दोष दोन्ही गटांत सारखा पडत नाही. भाषेचंही तसंच. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत ‘त्रिकोण दाखव’ म्हटलं आणि त्याने दाखवला नाही, तर तुम्ही आकार मोजला की शब्द? आणि चाचणीतली ए ते झेड अक्षरं हा अर्धा निकाल आधीच ठरवणारा भाग आहे. नर्सरीत तेच घोकून घेतात. अंगणवाडीच्या अभ्यासक्रमात गाणी, गोष्टी, मातीकाम, वर्गीकरण असतं. एका दुकानातला माल दुसऱ्याच्या तराजूत तोलल्यासारखं होतं ते. याची उलट बाजूही आहे. दिल्लीत प्रथमच्या २१४ बालवाड्यांत मुलांना चार महिने गणिताचे खेळ दिले. २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात निकाल आला. संख्यांची अंदाजाने जाण बराच काळ सुधारलेली राहिली, पण पहिलीच्या लेखी गणितात ही मुलं पुढे गेली नाहीत. म्हणजे ‘खेळातून आपोआप पाढे येतील’ हेही गृहीत धरू नका. दोन्ही प्रकारची कौशल्यं वेगवेगळी मोजा, एका वीस गुणांत ढकलू नका.

चाचणी न घेताही होणारं एक काम आहे, आणि लहान शहरातल्या एकट्या संशोधकाला ते सगळ्यात जमण्यासारखं आहे. वर्ग उघडल्यापासून सुटेपर्यंत कोपऱ्यात बसा. दर पाच मिनिटांनी नोंदवा: सेविका किंवा शिक्षिका आत्ता काय करतेय, आणि मुलं काय करतायत. खाऊ वाटप, रजिस्टर, मोबाइल, गाणं, गोष्ट, पाटीवर गिरवणं, नुसतं बसणं. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या वारी निदान तीन दिवस, न कळवता. परवानगी आधी घ्यायची, तारीख सांगायची नाही. वीस अंगणवाड्या आणि वीस नर्सऱ्या धरल्या तर १२० दिवस होतात, म्हणजे एक शैक्षणिक वर्ष पुरतं. तामिळनाडूचा निकाल वेळेवरच उभा आहे, त्यामुळे तुमच्या शहरातला वेळ कुठे जातो ही माहिती एकटीसुद्धा छापण्यासारखी आहे.

परवानग्यांचं सुरुवातीलाच बघा. अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि पालकांची संमती. संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायचं. अर्जात ‘कामगिरीचा तुलनात्मक अभ्यास’ असं लिहिलंत तर सेविकाताईंना ती तपासणी वाटणार, आणि तुम्ही असाल त्या दिवशी गाणी दुप्पट होणार. ‘मुलांचा दिवस कसा जातो याचा अभ्यास’ असं लिहा. ते खरंही आहे.

शीर्षक कसं बदलायचं असं विचारणाऱ्यांसाठी एक नमुना: ‘अमुक शहरात तीन ते सहा वयोगटातील मुलांची अंगणवाडी व खाजगी पूर्व-प्राथमिक वर्गांमधील ये-जा आणि त्या काळातील भाषा व संख्याज्ञानातील बदल.’ लांबलचक आहे, मान्य. आरआरसीत कुणीतरी ‘तुलना कुठे गेली?’ असं नक्की विचारेल. तेव्हा वरचं १२ आणि १६ चं गणित फळ्यावर मांडा, दोन मिनिटं लागतात.